बॅरल गेलं, असं म्हणण्याआधी

नेमबाजी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : काका, मी कोल्हापूरला बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. 50 मीटर प्रोन (पडून) आणि थ्री पोझिशन (गुडघ्यावर, पडून, उभ्यानं) खेळते. बाबांनी पतसंस्थेचं कर्ज काढून मला लाकडी स्टॉकची (दस्त्याची) जुनी .22 मॅच रायफल घेऊन दिली. पडून मारताना चूक माझी की रायफलची ते कळेना, म्हणून टेबलावर वाळूच्या पिशव्या ठेवून तपासायला लागले. कधी पाच गोळ्या 11 मिलिमीटरमध्ये बसतात, तर कधी 25 मध्ये. प्रत्येक कार्डानंतर (पाच गोळ्यांच्या कागदी टार्गेटनंतर) बॅरल स्वच्छ करते. सकाळी ग्रुप (कार्डावरचे गोळ्यांचे घोळके) बरे येतात, दुपारी बिघडतात. मध्येच गोळ्या संपल्या म्हणून दोन कार्डं दुसऱ्या कंपनीच्या गोळीवर मारली. रेंजवर सगळे म्हणतात, बॅरल गेलं, नवीन टाक. तेवढे पैसे आमच्याकडे नाहीत. चार कार्डांचे आणि टेबलाचे फोटो पाठवते आहे.
— एक खेळाडू, कोल्हापूर

उत्तर : पोरी, बॅरल बदलू नकोस. बाबांनाही आजच सांग, म्हणजे त्यांच्या जिवाला लागलेला घोर जाईल. तू पाठवलेल्या चार कार्डांत बॅरलकडे बोट दाखवणारी एकही खूण मला दिसली नाही. इतर गोष्टींकडे बोट दाखवणाऱ्या मात्र चार-पाच आहेत, आणि त्यातल्या बहुतेक फुकटात दुरुस्त होतात.

लष्करात मी आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा, होतो. ‘बॅरल गेलं’ अशी चिठ्ठी लागून आलेल्या रायफली मी आयुष्यभर उघडल्या. त्यांतल्या बहुतेकींत कुठे स्क्रू सैल असे, कुठे साइट (नेम धरायचं साधन) हलत असे, कुठे लाकूड फुगलेलं असे. .22 ची गोळी मऊ शिशाची, दाबही कमी. तिनं बॅरल झिजायला हजारो-हजारो गोळ्या लागतात. .22 चं बॅरल वेळेआधी खराब झालं तर बहुधा ते चुकीच्या सफाईनं आणि गंजानं होतं. म्हणून बॅरलवर यायचं ते सगळ्यात शेवटी.

आधी 11 आणि 25 या आकड्यांकडे पाहू. हे अंतर तुला फार वाटतं, कारण तू पाच-पाच गोळ्यांची कार्डं एकमेकांशी ताडून बघते आहेस. पाच गोळ्यांचा ग्रुप मुळातच चंचल असतो. सरासरी 16 मिलिमीटर देणारी अगदी निर्दोष रायफलही एखाद्या कार्डावर 10 दाखवते आणि पुढच्यावर 23. काहीही बिघडलेलं नसताना! तीन गोळ्यांचा ग्रुप तर आणखी फसवा. दहा गोळ्यांचा ग्रुप तीनच्या ग्रुपपेक्षा सरासरीनं दीडपटीहून थोडा मोठाच येतो, म्हणून तीन गोळ्यांचं कार्ड खिशात घालून मिरवणाऱ्यांचं ऐकायचं नाही. गोळ्या महाग आहेत, कोट्यावर मिळतात, हे मला ठाऊक आहे. म्हणून असं कर : साइटला हात न लावता, तोच नेम धरून चार कार्डं मार आणि मग ती एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धर. वीस गोळ्यांचं एकच चित्र दिसेल. त्यावरून जे कळतं ते पाचच्या कार्डावरून कधीच कळत नाही.

मोजायची रीतही सांगून ठेवतो. सगळ्यात लांबच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडा मोज आणि त्यातून गोळीचा व्यास, 5.6 मिलिमीटर, वजा कर. म्हणजे केंद्र ते केंद्र अंतर मिळेल. 50 मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं, आणि रेषेला नुसती शिवलेली गोळीही दहा धरतात. तेव्हा केंद्र ते केंद्र 16 मिलिमीटरमध्ये, मधोमध बसलेला ग्रुप म्हणजे सगळे दहा. तुझी रायफल आजही या हिशेबाच्या फार बाहेर नाही.

आता कार्डं. प्रत्येक कार्डाच्या मागे तू वेळ, गोळीची कंपनी, मधे काय केलंस ते सगळं लिहिलं आहेस. ही सवय मोडू नकोस. निम्मं उत्तर मला तिथेच मिळालं.

पहिलं कार्ड चांगलं आहे, त्याला सोडून देऊ.

दुसऱ्यावर चार गोळ्या एकत्र आहेत आणि एक 14 मिलिमीटर वर. मागे तूच लिहिलं आहेस, ‘वरची पहिली’. ती वर जाणारच होती, कारण त्याआधी तू बॅरल धुऊनपुसून लख्ख केलं होतंस. .22 च्या गोळीवर मेणाचा किंवा चरबीचा पातळ थर असतो. तो बॅरलच्या आत बसला की मग गोळ्या एकसारख्या जायला लागतात. बिडाचा तवा घासून लख्ख केला की पहिली एक-दोन घावनं चिकटतात, तसंच हे. प्रत्येक कार्डानंतर सफाई करून तू दरवेळी कोऱ्या तव्यावर पहिलं घावन टाकते आहेस आणि त्याचंच माप घेते आहेस. सफाई दिवसाचं काम संपल्यावर कर, आणि दुसऱ्या दिवशी मोजायच्या आधी पाच-दहा गोळ्या मातीच्या बांधावर जाऊ देत. गोळीची कंपनी बदललीस तर जुन्या मेणाचा थर जाऊन नवा बसेपर्यंत दहा-पंधरा गोळ्या धरायच्याच नाहीत. तू कंपनी बदललीस आणि लगेच कार्डं मोजलीस, तेव्हा ती दोन कार्डं पुराव्यातून काढून टाक.

तिसरं कार्ड मला सगळ्यात बोलकं वाटलं. तीन गोळ्या डावीकडे घट्ट, दोन उजवीकडे घट्ट, मधे 9 मिलिमीटर मोकळी जागा. मागे लिहिलं आहेस, ‘तिसऱ्यानंतर उठून पाणी प्यायले’. बॅरल खराब असेल तर गोळ्या सगळीकडे विखुरतात, असे दोन व्यवस्थित पुंजके करत नाहीत. दोन पुंजके दिसले की समजायचं, रायफल दोन वेगवेगळ्या पद्धतींनी ठेवली गेली किंवा तिच्यावरची एखादी वस्तू दोन जागी बसते आहे. आणि मग मी तुझ्या टेबलाचा फोटो पाहिला.

स्टॉकखालच्या पट्टीवर हँडस्टॉप (पुढचा हात अडवणारा ठोकळा) तसाच लावलेला आहे आणि तो पुढच्या पिशवीला टेकलेला आहे. तू प्रोनची खेळाडू, त्यामुळे तो तिथे असणं तुझ्या डोळ्याला खटकलंच नसेल. पण रायफल उडते तेव्हा थोडी मागे सरकते. हँडस्टॉप पिशवीला टेकलेला असला तर एक प्रकारे सरकते, नसला तर दुसऱ्या प्रकारे. पाणी पिऊन परत बसताना तू रायफल दोन बोटं मागेपुढे ठेवलीस आणि पुंजका सरकला. टेबलावर बसताना हँडस्टॉप काढून ठेव. बट-प्लेटचा (खांद्याला टेकणाऱ्या मागच्या पट्टीचा) हुकही मागच्या पिशवीत रुततो आहे, तो काढ किंवा पूर्ण वर घे. पुढची पिशवी लाकडाखाली हवी, बॅरलखाली कधीच नको, आणि दरवेळी लाकडाच्या त्याच जागेखाली हवी. त्या जागी कागदी चिकटपट्टीचा तुकडा लाव म्हणजे शोधावं लागणार नाही. पिशवीतली वाळू कोरडी आणि ठासून भरलेली असू दे. पावसाळ्यात ती ओल धरते आणि रायफल हळूहळू खाली बसत जाते. फोटोत टेबलाच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी दिसते. त्या टेबलावर कोपर टेकून श्वास घेतला तरी नेम हलेल. रेंजवर सिमेंटचा कट्टा असेल तर तिथे बस, नसेल तर जमिनीवर पडूनच पिशव्यांवर तपास. माणूस बाजूला काढून रायफल पाहता यावी, म्हणून टेबल. तेच डुगडुगत असेल तर तपास पुढे जात नाही.

गाल आणि खांदाही तितकाच महत्त्वाचा. एका गोळीला गाल दाबून आणि दुसरीला अलगद, असं झालं की ग्रुप आडवा पसरतो. टेबलावर बसल्यावर खेळाडू सैलावतो, कारण वजन पिशव्यांनी घेतलेलं असतं. मॅचमध्ये धरतेस तितक्याच निष्ठेनं इथे प्रत्येक गोळीला तोच दाब ठेव, आणि गोळी सुटल्यावर एक श्वासभर तशीच राहा. रायफल उजवी-डावीकडे कलंडते का, तेही पाहा. पिशव्यांवर कलंडलेली रायफल लक्षात येत नाही.

चौथं कार्ड दुपारचं. गोळ्या डावीकडे वरून उजवीकडे खाली अशा तिरक्या रांगेत आहेत, घड्याळाच्या दहापासून चारपर्यंत. ही वाऱ्याची सही आहे. उजव्या पिळाच्या (आतल्या खाचा उजवीकडे वळणाऱ्या) बॅरलमधून निघालेली गोळी उजवीकडून वारा आला तर डावीकडे आणि थोडी वर जाते, आणि डावीकडून आला तर उजवीकडे आणि थोडी खाली. सेकंदाला 1 मीटर वेगाचा आडवा वारा, म्हणजे आपल्या सावकाश चालीपेक्षाही हळू, 50 मीटरवर .22 च्या गोळीला अंदाजे 4 ते 5 मिलिमीटर सरकवतो. कोल्हापुरात दुपारी वारा सुटतो आणि दिशा बदलत राहतो, हे तुला मी काय सांगायचं. रायफलची परीक्षा पहाटे घे. दुपारी वारा वाचायचा सराव कर, तो वेगळा अभ्यास आहे आणि तुला लागणारच आहे. काठ्यांना रिबिनी बांधून 10, 25 आणि 40 मीटरवर लाव. सगळ्या रिबिनी एकसारख्या दिसतील तेव्हाच गोळी सोड.

एवढं सगळं झाल्यावरही पुंजके फुटत राहिले, तर स्क्रूंकडे वळ. बोल्ट (गोळी आत ढकलून बंद करणारा दांडा) काढून, चेंबर (गोळी बसते ती जागा) रिकामं आहे हे डोळ्यांनी आणि बोटानं दोनदा पाहून मगच सुरुवात कर. डायऑप्टर (मागची साइट) पट्टीवर घट्ट आहे का, फोरसाइटचा (पुढच्या साइटचा) बोगदा हलतो का, ते हातानं हलवून बघ. मग रायफल उभी धरून, स्टॉक आणि बॅरल जिथे भेटतात तिथे एक बोट दोन्हींवर टेकव आणि पुढचा मुख्य स्क्रू हळूहळू सैल कर. बोटाखाली काही सरकल्यासारखं वाटलं, तर अॅक्शन (बोल्ट बसतो तो लोखंडी भाग) लाकडात सपाट बसलेली नाही, स्क्रू तिला वाकवून बसवतो आहे. लाकडी स्टॉकला आपला पावसाळा मानवत नाही. जूनमध्ये लाकूड फुगतं, हिवाळ्यात आटतं, आणि ज्या स्क्रूची पकड ऑगस्टमध्ये पक्की होती तो जानेवारीत सैल असतो. कंपनीच्या पुस्तिकेत स्क्रू किती जोरानं आवळायचा ते दिलेलं असतं. तो आकडा पाळायला टॉर्क रेंच लागते. क्लबात एक असू दे, सगळ्यांच्या कामाला येईल. पुढच्या मोकळ्या बॅरलखालून नोट सरकवून पाहा. ती कुठे अडकली तर लाकूड तिथे बॅरलला टेकतं आहे. तिथे लाकूड किंचित तासावं लागेल, पण ते काम जाणत्याकडूनच करून घे.

मग गोळी. .22 लाँग रायफल ही 1887 सालापासूनची रचना आहे. ठिणगीचा मसाला तिच्या पितळी कडेत असतो, त्यामुळे हातानं पुन्हा भरून सुधारता येत नाही, कारखान्यातून जशी आली तशी वापरायची. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या दोन लॉटमध्येही (कारखान्यातल्या दोन खेपांतही) फरक असतो, आणि एका रायफलला मानवलेला लॉट दुसरीला मानवत नाही. म्हणून इंग्लंड-जर्मनीतल्या मोठ्या कंपन्या खेळाडूची रायफल मागवून घेऊन तिच्यावर लॉट तपासून देतात. आपण क्लबात मिळून तेच करायचं : प्रत्येकाकडून वेगवेगळ्या लॉटचा एकेक डबा घ्यायचा, तुझ्या रायफलवर पहाटे दहा-दहा मारायच्या, आणि जो लॉट चालला तो जितका मिळेल तितका साठवायचा. डब्यावर लॉट नंबर छापलेला असतो, तो कार्डामागे लिही. ग्रुप उभा लांबत असेल तर गोळ्यांचा वेग सारखा नाही असा संशय घे. वेगात सेकंदाला 10 मीटरचा फरक पडला तर 50 मीटरवर उंचीत 7 मिलिमीटरच्या आसपास फरक पडतो. डब्यावर हाय व्हेलॉसिटी लिहिलेलं असेल तर ती गोळी कागदावरच्या कामाला घेऊच नकोस. मॅचची गोळी सेकंदाला 320-330 मीटरनं, आवाजापेक्षा हळू निघते. वेगवान गोळी आवाजाच्या पुढे निघून वाटेतच त्याच्या मागे येते आणि त्या बदलात अस्थिर होते.

उभा ग्रुप फायरिंग पिनमुळेही येतो. बोल्टमध्ये जुनं ग्रीस गोठून बसलं की पिन कधी जोरात आदळते, कधी मऊ. उडालेली दहा पितळं ओळीत ठेव आणि कडेवरचे खड्डे पाहा. ते सारखे खोल नसतील तर बोल्ट खोलून धुवायला हवा आणि स्प्रिंग तपासायला हवी.

हे सगळं करून झाल्यावर, आणि तेव्हाच, बॅरल. बॅरलच्या तोंडाच्या कडेवर कापसाची काडी आतून बाहेर फिरव. कापसाचे धागे एखाद्या ठिकाणी अडकले तर कड चिरलेली आहे. गोळी सुटताना शेवटचा स्पर्श त्या कडेचा असतो, म्हणून तिथला केसाएवढा दोषही भोवतो. एवढ्यासाठी पूर्ण बॅरल बदलायचं नसतं, चांगला कारागीर ती कड लेथवर नव्यानं कापतो. चेंबरच्या पुढे कार्बनचा कडक वळा साचतो, तो ब्रशनं आणि सॉल्व्हंटनं निघतो. सफाई नेहमी चेंबरकडून, गाइड लावून, एकाच दिशेनं. तोंडाकडून रॉड घालणाऱ्याला तुझी रायफल देऊ नकोस, मग तो कितीही ज्येष्ठ असो.

तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला 50 मीटर प्रोनची विश्वविजेती झाली ती तुमच्याच गावची. राधानगरीकडच्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं 2024 ला पॅरिसमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनचं कांस्य आणलं. तुझ्या आसपास या खेळातलं जाणणारी माणसं आहेत, त्यांना कार्डं दाखव. हँडस्टॉप काढून, सफाई न करता, एकाच लॉटवर, पहाटे चार कार्डं मारून मला पाठव. पुढच्या अंकात ती छापू.

प्रश्न : मी मूळचा सांगलीचा, गेली काही वर्षं अमेरिकेत असतो. हरणाच्या शिकारीसाठी .308 बोल्ट-अॅक्शन रायफल घेतली, प्लास्टिकचा स्टॉक, बारीक बॅरल. 100 यार्डांवर बेंचवरून पहिल्या दोन गोळ्या एकमेकींना चिकटून बसतात, तिसरी, चौथी, पाचवी वर आणि उजवीकडे चढत जातात. अर्ध्या तासानं पुन्हा मारलं तर पुन्हा तसंच. स्कोप बदलून पाहिला, फरक नाही.
— एक वाचक, अमेरिका

उत्तर : थंड झाल्यावर गोळ्या परत मूळ जागी येतात, ही तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ. स्कोप बिघडला असता तर त्या परत आल्या नसत्या. बारीक बॅरल तापलं की त्यातला ताण मोकळा होऊन ते एका बाजूला झुकतं, आणि पुढच्या लाकडाला किंवा प्लास्टिकला कुठे टेकत असेल तर जास्तच ढकललं जातं.

डॉलरची नोट बॅरलखालून सरकवून पाहा, पण रायफल हातात धरून नको, पिशवीवर, गोळी मारता तशीच ठेवून. साच्यातले प्लास्टिकचे स्टॉक पुढच्या टोकाला लवचिक असतात. हातात धरल्यावर फट दिसते, पिशवीवर वजन पडलं की ती बंद होते. तसं असेल तर पुढची पिशवी मागे, मॅगझिनच्या जवळ आणा. त्यानंही थांबलं नाही तर फट आतून घासून वाढवून घ्या आणि अॅक्शनचे स्क्रू पुस्तिकेतल्या आकड्याला आवळा.

आणि एक विनंती. हरणासमोर तुम्ही पाच गोळ्या मारणार नाही, पहिलीच मारणार आहात, थंड बॅरलमधून. तेव्हा एकच कार्ड ठेवा आणि दर खेपेला गेल्यावर त्यावर पहिली गोळी तेवढी मारा, तारीख लिहून. त्या कार्डावरून स्कोप झिरो करा, म्हणजे नेम आणि गोळी एका जागी जुळवा. जनावराला एका गोळीत शांत करणं ही शिकाऱ्याची जबाबदारी आहे, आणि त्यासाठी हेच कार्ड उपयोगाचं.

.308 चा धक्का बेंचवर जास्त जाणवतो, कारण शरीर मागे जाऊ शकत नाही. कुणाला तरी मॅगझिनमध्ये तुमच्या नकळत एखादी नकली गोळी मिसळायला सांगा. तिच्यावर ट्रिगर दाबताना नळी खाली डुचकली, तर तिसऱ्या-चौथ्या गोळीचा थोडा दोष खांद्याचाही आहे.

प्रश्न : मुलाची 10 मीटर एअर रायफल विसमध्ये (टेबलाच्या शिकंज्यात) पकडून छर्रे तपासावेत का?
— एक पालक, नाशिक

उत्तर : जरूर, पण विसचे जबडे अॅक्शनवर, मधे रबर किंवा चामडं घालून. बॅरल आणि हवेचं सिलिंडर जबड्यात कधीच नको. छर्ऱ्याच्या डब्यावर डोक्याचं माप असतं, 4.49, 4.50 असं. दोन-तीन मापं घेऊन प्रत्येकी दहा मारा. चांगला लॉट छर्ऱ्याहून थोडंसंच मोठं एकच भोक पाडतो. दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असल्यानं इथे फरक लगेच दिसतो. तपासताना सिलिंडरमधला दाब भरपूर ठेवा, आणि त्यावर कोरलेली तारीखही पाहून घ्या. 10 वर्षं उलटलेलं सिलिंडर स्पर्धेत चालत नाही, आणि घरातही भरू नये.